रेल्वेने कॅनडा ते अर्जेंटिना जाता येतं का? फोनवर प्लॅनिंग करताना हे आधी बघा

थोडक्यात उत्तर : सलग नाही. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये डॅरिएन गॅप नावाचा साधारण १०० किमीचा जंगल आणि दलदलीचा पट्टा आहे. तिथे रेल्वेच काय, रस्तासुद्धा नाही. शिवाय त्याआधी मध्य अमेरिकेतच साखळी तुटते. ग्वाटेमालातली रेल्वे २००७ मध्ये बंद पडली. मात्र कॅनडातल्या टोरांटोपासून मेक्सिकोतल्या लॉस मोचिसपर्यंतचा बहुतेक प्रवास आजही रेल्वेने होऊ शकतो. फक्त प्लॅनिंग नीट हवं.

नकाशावरची रेघ म्हणजे गाडी नव्हे

मॅप ॲपमध्ये मेक्सिको झूम केला की रुळांचं जाळं दिसतं. पण १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी रेल्वेचं खासगीकरण झालं आणि लांब पल्ल्याच्या जवळपास सगळ्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. रूळ आहेत, पण त्यावर मालगाड्या धावतात.

ॲपमध्ये रूळ आणि वेळापत्रक हा वेगवेगळा डेटा असतो. वेळापत्रक साधारणपणे जीटीएफएस नावाच्या फॉरमॅटमध्ये येतं. २००५ च्या सुमारास पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गुगल यांनी मिळून तो तयार केला. रेल्वे कंपनीने ही फाइल दिली नसेल, तर गाडी असूनही ॲप ती दाखवणार नाही. म्हणून दिशा आणि अंतर मॅपवर बघा, पण गाडी आहे की नाही हे कंपनीच्याच ॲपवर किंवा साइटवर तपासा.

मार्गाचे टप्पे

- टोरांटो ते वॅनकुव्हर : व्हिया रेलची ‘कॅनेडियन’, ४,४६६ किमी, चार रात्री. रोज नसते, आठवड्यातून मोजकेच दिवस.
- वॅनकुव्हर ते सिॲटल : ॲमट्रॅक कॅस्केड्स, रोज. अमेरिकन अधिकाऱ्यांची तपासणी वॅनकुव्हर स्टेशनवरच, गाडीत चढण्याआधी होते.
- सिॲटल ते लॉस एंजेलिस : कोस्ट स्टारलाइट, सुमारे २,२०० किमी, साधारण ३५ तास, रोज.
- लॉस एंजेलिस ते एल पासो : सनसेट लिमिटेड, आठवड्यातून तीनच दिवस.
- एल पासो ते चिहुआहुआ : गाडी नाही. रिओ ग्रांदेवरचा पूल चालत ओलांडून सिउदाद ह्वारेझ, तिथून बस, सुमारे ३७० किमी.
- चिहुआहुआ ते लॉस मोचिस : कॉपर कॅनियनमधून जाणारी ‘एल चेपे’, ६०० किमीहून जास्त. पूर्ण मार्गावरची रीजनल गाडी रोज नसते.

तारखा कशा ठरवायच्या?

बरेच जण पहिल्या दिवसापासून सुरुवात करतात आणि मध्येच अडकतात. उलटं करा. सगळ्यात कमी दिवस धावणाऱ्या गाड्या आधी कॅलेंडरवर टाका. इथे त्या तीन आहेत : कॅनेडियन, सनसेट लिमिटेड आणि एल चेपे. रोजच्या गाड्या आणि बस त्यांच्या मधल्या दिवसांत बसवा.

आता उशिराचा हिशोब. ॲमट्रॅकच्या गाड्यांचं सुमारे ७० टक्के अंतर दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर कापलं जातं, आणि या कंपन्या मुख्यतः मालगाड्या चालवतात. कॅनडातही तसंच आहे. मालगाडी इतकी लांब असते की ती लूप लाइनमध्ये मावत नाही, मग थांबावं लागतं प्रवासी गाडीला. काही तासांचा उशीर तिथे नवीन नाही.

म्हणून कॅनेडियनमधून उतरून त्याच दिवशी सिॲटलची गाडी पकडायचं ठरवू नका. लॉस एंजेलिसला तर विशेष सांभाळा. कोस्ट स्टारलाइट रात्री पोहोचते आणि सनसेट लिमिटेडही रात्रीच सुटते. ती चुकली तर पुढची गाडी दोन-तीन दिवसांनी. एवढ्या दिवसांचं हॉटेल डॉलरमध्ये भरावं लागेल आणि पुढचं एल चेपेचं तिकीटही हातचं जाऊ शकतं. त्यापेक्षा एक रात्र मुद्दाम मोकळी ठेवलेली परवडते.

ॲमट्रॅकच्या दोन गाड्या एकाच बुकिंगमध्ये घेतल्या आणि ते कनेक्शन कंपनीने मान्य केलेलं असेल, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास पुढची सोय कंपनी करते. तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर जबाबदारी तुमची.

बुकिंग

आयआरसीटीसीवर आपल्याला ६० दिवस आधी बुकिंग करायची सवय आहे. ॲमट्रॅकचं बुकिंग ११ महिने आधीपर्यंत उघडतं. विमानासारखं तिकीट आहे, सीट भरतील तसा दर वाढत जातो. आरएसी हा प्रकार नाही, त्यामुळे ‘बघू, कन्फर्म होईल’ चालत नाही.

पैसे भरण्याआधी मात्र व्हिसा बघा. कॅनडा आणि अमेरिकेचे व्हिसा वेगवेगळे लागतात. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. परतीचं विमान अमेरिकेतून असेल, तर तुमचा अमेरिकन व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे नक्की करा.

फोनची तयारी

- कॅनेडियन चार टाइम झोन ओलांडते. भारतात बसून कॅलेंडरमध्ये ‘रात्री १०’ टाकलं तर ते भारतीय वेळेने सेव्ह होतं आणि तिथे भलतीच वेळ दिसते. नोंद करताना त्या शहराचा टाइम झोन निवडा.
- लांब पट्ट्यांत नेटवर्क नसतं. तिकिटांचे पीडीएफ, पासपोर्टची प्रत आणि ऑफलाइन नकाशे आधीच डाउनलोड करा.
- डेटासाठी ई-सिम घ्या, पण ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहारही बँकेच्या ॲपमधून चालू करा.

आणि दक्षिण अमेरिका?

ती वेगळी ट्रिप समजा. विमानाने तिकडे जाऊन एकेका देशातल्या गाड्या निवडा. एकट्या अर्जेंटिनात १,६७६, १,४३५ आणि १,००० मिमी असे तीन गेज आहेत, त्यामुळे एका जाळ्यातली गाडी दुसऱ्यावर जात नाही. त्यातलं १,६७६ म्हणजे आपलं भारतीय ब्रॉडगेजच! पद्धत मात्र तिथेही हीच : आधी गाडीचे वार, मग तारखा, आणि सगळ्यात शेवटी विमानाचं तिकीट.