ट्राम, सायकल आणि सुई

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात, पोह्याचे पापड आठवतात. फिजिक्स काही कुणाला आठवत नाही. मी मात्र आयुष्यातली बरीच वर्षं तिथल्या एका महाविद्यालयात हाच विषय शिकवला. आज सांगणार आहे ते आमच्या फिजिक्स क्लबबद्दल आणि त्याच्या निमित्तानं आम्हाला सापडलेल्या, अगदी शेजारच्याच एका इतिहासाबद्दल.

क्लब म्हणजे काय, तर बी.एस्सी.ची पंधरा-वीस मुलं, शनिवारची दुपार आणि प्रयोगशाळेतलं एक टेबल. निम्मी मुलं पेण-वडखळची, बाकीची रोह्याकडून गाडीनं येणारी. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ साली. संध्याकाळची गाडी चुकली की घरी पोहोचायला रात्र व्हायची. त्यामुळे आमची सभा कधी संपणार, हे रेल्वेचं वेळापत्रकच ठरवायचं.

पहिल्या सभेत मी मोठ्या हौसेनं केंब्रिजच्या कपित्झा क्लबची गोष्ट सांगितली. प्योत्र कपित्झा या तरुण रशियन शास्त्रज्ञानं तो १९२२ साली सुरू केला. एकानं फळ्यापाशी उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारायचे, ही तिथली रीत. जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनच्या शोधाची हकीकत फेब्रुवारी १९३२ मध्ये याच क्लबात सांगितली. गोष्ट संपली आणि रोह्याची एक मुलगी म्हणाली, "सर, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न वरवरचा नव्हता. त्या वर्षी तिसऱ्या वर्षाला फिजिक्स घेणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच होती. धाटावच्या कारखान्यांत केमिस्ट्रीवाल्याला नोकरी मिळते, फिजिक्स शिकून काय करणार, असं घरची माणसं विचारत. त्यांचं तरी काय चुकत होतं?

मग आम्ही एक प्रयोग मांडला. मुरंब्याची रिकामी बरणी, रेशमाचा धागा, लोहचुंबकावर घासलेली शिवणाची सुई आणि सुईला चिकटवलेला आरशाचा इवलासा तुकडा. त्यावर उजेड पाडला की समोरच्या भिंतीवर कवडसा दिसतो. सुई केसभर वळली, तरी कवडसा चांगला बोटभर सरकतो. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बदल असे घरच्या घरी टिपता येतात. मुलांनी पाळ्या लावून महिनाभर नोंदी घेतल्या.

रोज दुपारी अडीचच्या सुमारास कवडसा एकदम सरके आणि पाचला जागेवर येई. मुलं हरखली. खरं सांगतो, मीही हरखलो. ती रोह्याची मुलगी मात्र दोन दिवस खिडकीपाशी बसून राहिली. भिंतीपलीकडे दुपारपाळीचा शिपाई सायकल टेकवून ठेवत असे. तिनं सायकल हलवायला लावली आणि कवडसा जागेवर आला!

सगळे खट्टू झाले. तेव्हा मला, उशिरा का होईना, तिच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. आमची जी फजिती सायकलनं केली, तीच मुंबईच्या वेधशाळेची ट्राम करणार होती. आणि त्यापायी ती वेधशाळा आपल्या अलिबागला आली.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांचा सुईला त्रास नव्हता. पण विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाताना थोडी जमिनीत झिरपते आणि भोवती स्वतःचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभॉय मूस, या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्या काळात समुद्रापलीकडच्या अलिबागची निवड झाली. पोरबंदरचा दगड, पितळ, तांबं असं चुंबकाला न जुमानणारं सामान वापरून इमारती उभ्या राहिल्या आणि १९०४ मध्ये काम सुरू झालं. महत्त्वाचं म्हणजे, कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी.

या चिकाटीचं मोल किती? १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक स्फोट दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तारायंत्रं बिघडली. युरोपातल्या काही वेधशाळांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला तेव्हा माणसं डोळ्यांनी आकडे वाचून लिहून ठेवत. त्यांनी जवळपास १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली, म्हणजे तिथल्या आडव्या चुंबकीय बलाच्या सुमारे चार टक्के. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा हिशेब मांडला, तो याच आकड्यांवरून. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौरवादळाचा धोका किती, हे ठरवतानाही ते वादळ आठवावं लागतं.

पुढच्या महिन्यात आम्ही एस.टी.नं वडखळ, पोयनाड करत अलिबागला गेलो. तीसेक किलोमीटरचा प्रवास. पण तोवर ही मुलं तिथे गेली होती ती समुद्र बघायला. परतताना ती मुलगी एवढंच म्हणाली, "सर, त्यांनीसुद्धा आधी सायकलच शोधली म्हणायची."

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची मोजणी थांबलेली नाही. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं, लडाखच्या हानले इथून आकाशात तांबडा प्रकाश दिसला, तेव्हा मी आमची जुनी नोंदवही काढून बसलो. त्या चुकीच्या दुपारच्या नोंदी मुलांनी खोडलेल्या नाहीत. प्रत्येकीसमोर समासात फक्त लिहिलंय, 'सायकल'. त्यातली फार थोडी मुलं पुढे फिजिक्समध्ये राहिली. पण दिसलेलं तसंच लिहून ठेवायचं आणि आपली चूक आपणच शोधायची, हे ती बरणीतल्या सुईकडून शिकली. लहान गावातल्या क्लबनं याहून अधिक काय द्यावं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)