विणखात्याचे बंद दार
मुंबईचे गिरणगाव म्हटले की परळ-लालबागचे भोंगे, चाळी आणि १९८२ चा संप आठवतो. ‘कामगार तेवढा एक’ असेही सांगतात. मी विचारतो, मग विणखात्यात आमची माणसे का नव्हती? तिथे पगार जास्त होता. पण कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. आमच्या वाट्याला रिंगखाते आले. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कारण हे दार एकट्या मालकाने लावलेले नव्हते. सोबत घाम गाळणाऱ्यानेही ते लावले होते. आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. भोंग्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनो, धोट्याचाही लिहा. नाहीतर एकजुटीच्या इतिहासातही आम्ही दाराबाहेरच राहू.