छत्तीस फोटोंचा हिशेब

आमच्या घरी निकॉन एफएम१० हा फिल्म कॅमेरा आहे. बाबांनी तो २००१ साली सांगलीत घेतला, तेव्हा मी बालवाडीत होते. बाबा बँकेत नोकरीला, त्यामुळे हिशेब लिहायची सवय. प्रत्येक रोलची नोंद एका लहान डायरीत आहे: तारीख, ठिकाण, रोल कोणता, धुलाई-छपाईचे पैसे किती. २००१ ते २००६मध्ये एकोणीस रोल. मग घरात छोटा डिजिटल कॅमेरा आला आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून रोल झाले तीन, तेही मी पुण्यात नोकरीला लागल्यावर हौसेने काढलेले. दर दिवाळीच्या साफसफाईत बाबा म्हणतात, "याचं काय करायचं ते एकदा ठरव." ठेवायचा तर कशासाठी आणि काढायचा तर नेमकं काय जाईल, हे ठरवण्यासाठी जे वाचत गेले, त्यातून हा लेख झाला.

बटण आणि बाकीचं सगळं

फोटोग्राफी आपल्याकडे फार लवकर आली. १८३९मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळी फोटो काढणारा माणूस अर्धा रसायनशास्त्रज्ञ असावा लागे. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि तो वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे अंधारखोलीही सोबत वागवायची.

हे जोखड जॉर्ज ईस्टमनने १८८८मध्ये काढून टाकलं. त्याचा पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला मिळे, आणि त्यात १०० फोटोंचा रोल भरलेलाच असे. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवा रोल भरून कॅमेरा परत येई. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आमच्याकडे, अशा अर्थाची त्याची जाहिरात होती.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ईस्टमनने क्लायंट आणि सर्व्हर वेगळे केले. कॅमेरा हा हलका क्लायंट, आणि खरं काम दूर रॉचेस्टरच्या कारखान्यात. फिल्म कॅमेऱ्याबद्दल हळवं होऊन बोलताना आपण बहुधा हे विसरतो. बाबांचा एफएम१० पूर्ण यांत्रिक आहे. एक सेकंद ते सेकंदाचा दोनहजारावा भाग, सगळे शटरवेग बॅटरीशिवाय चालतात. बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. कॅमेरा इतका स्वावलंबी, पण कुठेतरी कुणीतरी फिल्म बनवत नसेल आणि जवळपास कुणी ती धूत नसेल, तर त्याचा उपयोग पेपरवेटइतकाच.

कारखाना बंद होतो तेव्हा

फिल्म बनवणं हे अवजड उद्योगाचं काम आहे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमध्ये घोळलेल्या चांदीच्या क्षारांचे अतिशय पातळ थर द्यावे लागतात, रंगीत फिल्मला तर एकावर एक अनेक, आणि तेही अंधारात. धुलाईही तितकीच काटेकोर. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचं तापमान जवळपास ३८ अंश सेल्सियस आणि वेळ सव्वातीन मिनिटं. पण सी-४१ ही निदान सार्वत्रिक पद्धत होती. गल्लीतल्या लॅबमध्ये कुठल्याही कंपनीचा रोल चाले.

कोडाक्रोमचं तसं नव्हतं. १९३५मध्ये आलेल्या या फिल्ममध्ये रंग नसत, ते धुलाईच्या वेळी घातले जात. त्यासाठी के-१४ नावाची किचकट प्रक्रिया लागे. २००९मध्ये कोडॅकने ही फिल्म बंद केली. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरीला दिला गेला आणि त्यातले काही फोटो त्याने भारतात काढले. तो रोल धुतला गेला अमेरिकेत, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी. ड्वेन्स फोटो ही तिथली लॅब तोवर जगातली एकमेव उरलेली होती, आणि ३० डिसेंबर २०१० हा तिथे रोल पोचण्याचा शेवटचा दिवस ठरला. त्यानंतर कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम सापडला, तर त्यातून कृष्णधवल चित्र काढता येईल, रंग मात्र येणार नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये 'सपोर्ट बंद' म्हणतात, तो हाच प्रकार.

भारतानेही स्वतःचा सर्व्हर उभारून पाहिला होता. १९६०मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. थंड आणि धूळ कमी असलेली हवा या कामाला सोयीची. 'इंदू' या नावाने कृष्णधवल रोल निघत. शिवाय एक्स-रे फिल्म, सिनेमाची फिल्म. नव्वदच्या दशकात ही कंपनी आजारी ठरली, आणि पुढे बंद झाली. डिजिटलची लाट येण्याआधीच ती खचली होती, हे लक्षात घ्यायला हवं. फिल्मच्या प्रत्येक कारखान्याच्या मरणाचं खापर डिजिटलवर फोडता येत नाही.

कोडॅक झोपलं होतं का?

इंजिनिअरिंगला असताना कोडॅकची गोष्ट आम्हाला इसापनीतीसारखी सांगितली गेली: कंपनीने डिजिटल कॅमेरा शोधला, दडपला आणि बुडाली. यातला पहिला भाग खरा आहे. डिसेंबर १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने एक यंत्र जोडलं. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, आणि एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. ते पाहायला टीव्ही लागे.

दुसरा भाग मात्र अर्धवट आहे. त्याच सुमारास कोडॅकच्याच ब्राइस बायरने लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची एक जाळी सुचवली. त्यात हिरव्या चौकटी दुप्पट, कारण माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारकावा हिरव्या भागात जास्त कळतो. १९७६मध्ये तिचं पेटंट मिळालं. आज आपल्या हातातल्या बहुतेक फोनच्या सेन्सरवर तीच जाळी किंवा तिचं भावंड असतं. १९९१मध्ये निकॉन एफ३ला जोडलेला १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस कॅमेराही कोडॅकनेच विकायला काढला. तंत्रज्ञान ठाऊक नव्हतं, असं अजिबात नाही. अडचण कमाईची होती. कोडॅक कॅमेऱ्यावर जगत नव्हतं. ते रोल, रसायनं आणि कागदावर जगत होतं. डिजिटलमध्ये दर छत्तीस फोटोंनंतर गिऱ्हाइकाने दुकानात यायचं कारणच उरत नाही. जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

फुजीफिल्मलाही हाच फटका बसला. त्यांनी आपल्याला नेमकं काय येतं, ते पुन्हा तपासलं. जिलेटिन म्हणजे मुळात कोलॅजेन, आणि फोटोचे रंग विटू नयेत म्हणून कंपनी वर्षानुवर्षं ऑक्सिडेशन रोखायच्या द्रव्यांवर काम करत आलेली. २००७मध्ये त्यांनी चेहऱ्याची क्रीम बाजारात आणली. ऐकायला गंमत वाटते, पण चांदीच्या थरातून शिकलेलं रसायन अशा रीतीने कामी आलं.

याच काळात, जानेवारी २००६मध्ये, निकॉनने आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोनच ठेवले: सर्वांत वरचा एफ६ आणि सर्वांत स्वस्त एफएम१०. हा दुसरा निकॉनसाठी कोसिना ही कंपनी बनवत असे. बाबांच्या डायरीतला एकोणिसावा रोल त्याच वर्षीचा आहे.

पूर

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. २००५चा पूर आमच्या पायरीशी येऊन थांबला होता; हा घरात शिरला आणि काही दिवस राहिला. अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले ते अल्बम पाणी ओसरल्यावर लगद्यासारखे झाले होते. टेबलाखालचा संगणकही गेला आणि त्यातल्या हार्ड डिस्कमधून काही निघालं नाही. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे सगळे फोटो तिच्यात होते.

वाचली ती निगेटिव्ह. फोटो छापून आले की निगेटिव्हकडे कोण बघतो? म्हणून ती बिस्किटांच्या डब्यात भरून माळ्यावर टाकलेली होती. पुण्याला आणून मी ती स्कॅन करून घेतली. त्यामुळे आज आमच्या घरचा फोटोंचा इतिहास उलटा आहे. २००१ ते २००६ जवळजवळ पूर्ण, आणि २००७पासून पुढची सात-आठ वर्षं कोरी. आजी २०१२मध्ये गेली. तिची पंचाहत्तरी झाली, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्याआधीची आजी मात्र आहे: औदुंबरच्या घाटावर, अंगणात शेवया वाळत घालताना, बाबा "इकडे बघ आई" म्हणाल्यावर मुद्दाम दुसरीकडे बघताना.

यावरून 'फिल्म टिकते, डिजिटल टिकत नाही' असं म्हणण्याचा मोह होतो. पण मला ते पटत नाही. निगेटिव्ह खालच्या कप्प्यात आणि हार्ड डिस्क माळ्यावर असती, तर निकाल उलट लागला असता. फिल्मही अमर नाही. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली कित्येक रिळं आगीत गेली. नंतरची ॲसिटेट फिल्म दमट हवेत कुजते आणि व्हिनेगरसारखा वास सोडते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळंच उरली आहेत, आणि तीही १९१३ची नसून १९१७च्या पुनर्चित्रणाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात.

फरक आहे तो देखभालीच्या स्वरूपात. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २००७मध्ये एक अहवाल काढला होता. एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर जपायला वर्षाला १,०५९ डॉलर आणि डिजिटल स्वरूपात जपायला १२,५१४ डॉलर, असा त्यातला अंदाज होता. आकडे आता जुने झाले, कारण मात्र तेच आहे. फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली की बरीच वर्षं विसरता येते आणि उजेडासमोर धरली की तीत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. डिजिटल प्रत दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावी लागते, तपासावी लागते, एकाहून अधिक ठिकाणी ठेवावी लागते. हे काम अवघड नाही. पण कुणीतरी ते कायम करत राहावं लागतं, आणि घरोघरी ते काम कुणाचंच नसतं.

निकाल

एवढं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की बाबांच्या एका प्रश्नात दोन वस्तू मिसळल्या होत्या. जपण्यासारखी वस्तू निगेटिव्ह आहे. ती मी बटरपेपरच्या पाकिटांत, सिलिका जेल घालून, हवाबंद डब्यात ठेवली आहेत. स्कॅनच्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक सांगलीला, एक क्लाउडवर. दर दिवाळीला त्या उघडून तपासायच्या, असं कॅलेंडरमध्ये टाकलंय. साफसफाईत ते बसून जातं.

कॅमेरा मात्र जपून टिकणारी वस्तू नाही. पडून राहिला की लेन्सला बुरशी लागते, मागच्या झाकणाच्या फटीतला फोम चिकट होऊन गळतो, शटर आळसावतं. आणि रोल खपले नाहीत तर कारखानेही चालत नाहीत. फिल्म आज टिकून आहे ती वर्षाला ढीगभर रोल संपवणाऱ्या लोकांमुळे, माझ्यासारख्या कपाटवाल्यांमुळे नाही. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून मला एक फोटो चाळीस-पन्नास रुपयांना पडतो. परवडत नाही असं नाही, पण काढायची ओढ मला तरी नाही. मला फोनचे फोटो पुरतात.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी महिन्याला एक रोल काढतो आणि स्वतः घरी धुतो. कॅमेरा त्याला द्यायचं ठरवलं. आई दोन दिवस गप्प होती. विकायचा नाही, असाच द्यायचा, एवढं तिचं म्हणणं. बाबांना फोनवर सांितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "रोल घातलास का? शेजारची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही."

मग छत्तीसचा एक रोल आणला, भरला, आणि कॅमेरा दिला. डायरी आमच्याकडेच आहे. तिच्यात बाबांनी तेविसाव्या रोलची नोंद केली आहे: तारीख, पुणे, आणि खर्चाच्या रकान्यात रोलची किंमत.