गंगाधरपंतांचे पानिपत आणि माझे

मी तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. तास पानिपतापाशी आला, की मागच्या बाकावरून दरवर्षी एक प्रश्न यायचाच, "सर, आपण जिंकलो असतो तर?" माझंही उत्तर ठरलेलं, "इतिहासात जर-तरला जागा नाही." मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. घरी आल्यावर मात्र मी स्वतः एका जर-तरमध्ये अडकलेला असे.

माझ्या वडिलांच्या छातीत एका रात्री दुखू लागलं. पित्त असेल, सकाळी दवाखान्यात नेऊ, असं मीच म्हणालो. ती सकाळ त्यांनी पाहिली नाही. रात्रीच गाडी काढली असती तर? हा प्रश्न कित्येक वर्षं माझ्या उशाशी होता.

त्या दिवसांत डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा वाचनात आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं कथा पाठवून बक्षीस मिळवलेले हे खगोलशास्त्रज्ञ. या कथेतले गंगाधरपंत गायतोंडे माझ्यासारखेच इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते वेगळ्याच जगात जाऊन पोचतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले, हा आपला इतिहास. त्या जगात ती गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मराठे जिंकलेले असतात आणि इंग्रज देशाचे मालक झालेले नसतात.

पंतांना याचा अभिमान वाटतो, वाचकालाही वाटतो. पण मी थबकलो तो दुसऱ्याच प्रसंगापाशी. पंत मुंबईत आपल्या मुलाच्या कचेरीत जातात. तिथे त्या नावाचा कुणी माणूसच नसतो.

मी पुस्तक मिटलं. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून मी शहरातलं संशोधन सोडून तालुक्याच्या गावी नोकरी धरली. तिथेच माझं लग्न जमलं, तिथेच मुलगी झाली. त्या रात्री गाडी काढली असती आणि वडील वाचले असते, तर आज शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी ही मुलगी कुठे असती? एक धागा उसवून दुसरा तसाच ठेवता येत नाही. वडिलांची उणीव यानं भरून निघाली नाही, निघणारही नाही. पण रोज रात्री भरणारी ती कोर्टकचेरी हळूहळू थांबली.

मग इतिहासाकडेही मी नव्यानं पाहू लागलो. विश्वासरावांना लागलेली गोळी महत्त्वाची होतीच. पण त्याआधी अडीच महिने सदाशिवरावभाऊंची छावणी कोंडली गेली होती. रसद तुटली होती, माणसं-जनावरं उपाशी होती. सुरजमल जाट आधीच बाजूला झाला होता. पराभव एका क्षणात दिसतो, घडत मात्र कितीतरी आधीपासून असतो. वडिलांचं दुखणंही काही त्या एका रात्रीत जन्मलं नव्हतं. आणि पराभवानंतरही काळ थांबत नाही. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत पोचले होते.

विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि उडत्या तबकड्या, असा आपला समज असतो. चांगली विज्ञानकथा आपल्याला घटकाभर दुसऱ्या जगात नेते आणि परत आणून सोडते, तेव्हा आपलंच घर आपल्याला नीट दिसतं.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा मी ती कथा पुन्हा काढून वाचली. मला माझ्या निवृत्तीचं वर्ष आठवलं. मागच्या बाकावरून तोच प्रश्न आला होता. या खेपेला मी म्हणालो, "जिंकलो असतो तर काय मिळालं असतं, ते जरूर लिहा. पण खाली हेही लिहा, की आज आपल्याजवळ असलेलं काय काय मग नसतं." वर्ग बराच वेळ खाली मान घालून लिहीत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)