निरोध नवऱ्याच्या हातात, मग बाईच्या हातात काय? योनीमार्गी जेलच्या चाचण्या समजून घ्या

आदिलाबाद : एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून वाचायला निरोध हा चांगला उपाय आहे. पण तो वापरायचा की नाही, हे बहुतेक घरांत नवराच ठरवतो. बाईला स्वतःच्या हाताने वापरता येईल असं काहीतरी असावं, म्हणून जगभर योनीमार्गात लावायच्या जेल आणि गोळ्यांवर संशोधन झालं. अशा औषधांना मायक्रोबिसाइड म्हणतात. त्यातल्या काही चाचण्या पुण्यात झाल्या. त्या कशा घेतल्या, त्यातून काय निघालं आणि आजच्या घडीला आपल्या भागातल्या बायकांनी काय करावं, याची ही माहिती.

गरज कुठून आली?

पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) १९९२ मध्ये सुरू झाली. या संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची तपासणी केली. त्यातल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशीच आलेला होता. १९९७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'एकनिष्ठ राहा' हा सल्ला बाईच्या बाबतीत अपुरा पडतो, हे आकड्यांनी दिसलं.

मायक्रोबिसाइड काम कसं करतं?

निरोगी योनीमार्गात आंबटपणा असतो. तिथले चांगले जंतू तो टिकवून ठेवतात आणि बरेच रोगजंतू त्यात तग धरत नाहीत. वीर्यामुळे हा आंबटपणा काही काळ कमी होतो. बफरजेल नावाचं जेल तो टिकवण्यासाठी बनवलं होतं. प्रो २००० हे जेल विषाणूला पेशीला चिकटू देत नाही, असा त्यामागचा विचार होता. टेनोफोव्हिर जेलमध्ये तर एचआयव्हीच्या उपचारातलंच औषध आहे. विषाणू पेशीत शिरला तरी त्याची वाढ तिथेच थांबावी, हा त्याचा हेतू.

आधी सुरक्षितता का तपासतात?

याचं उत्तर नोनॉक्सिनॉल-९ च्या अनुभवात आहे. हे शुक्राणू मारणारं रसायन प्रयोगशाळेत एचआयव्हीलाही मारत होतं. त्यामुळे ते बायकांना वाचवेल अशी आशा होती. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत उलटाच निकाल समोर आला. आफ्रिकेतल्या काही देशांत आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांवर झालेल्या चाचणीत, हे जेल वापरणाऱ्यांत लागण जास्त आढळली. दिवसातून अनेकदा वापरल्यावर आतल्या नाजूक त्वचेला इजा होत होती, आणि त्या इजेतून विषाणूला वाट मिळत होती.

काचेच्या नळीत जंतू मारणारं औषध बाईच्या अंगाला अपाय करू शकतं, हा त्यातला धडा.

तपासणी कशी होते?

पहिल्या टप्प्यात मोजक्या, निरोगी आणि कमी जोखमीच्या बायका घेतात. काही दिवस किंवा आठवडे त्या जेल वापरतात. या काळात

• योनीमार्ग आणि गर्भपिशवीचं तोंड डॉक्टर तपासतात; कॉल्पोस्कोप या भिंगाच्या यंत्रातून लालसरपणा, सोललेली त्वचा, जखम दिसते का ते बघतात;
• खाज, आग, लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं किंवा लाल जाणं याची नोंद ठेवतात;
• आंबटपणा आणि चांगले जंतू टिकून आहेत का ते पाहतात;
• औषध रक्तात किती उतरलं, लिव्हर आणि किडनीवर परिणाम झाला का, याची रक्ततपासणी करतात.

तुलनेसाठी काही जणींना औषध नसलेलं जेल देतात. कोणाला काय मिळालं, हे बाईलाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. निरोध आणि समुपदेशन मात्र सगळ्यांनाच द्यावं लागतं.

पुण्यात काय झालं?

बफरजेल : भारत, थायलंड, मलावी आणि झिम्बाब्वे या चार देशांत मिळून ९८ बायकांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. भारतातलं केंद्र पुण्याचं होतं. बायकांसोबत त्यांच्या जोडीदारांनाही मत विचारलं गेलं.

प्रनीम : शास्त्रज्ञ जी. पी. तलवार यांच्या कामातून तयार झालेली ही वनौषधींची गोळी. निंबाचा अर्क, रिठ्यातला फेस आणणारा घटक आणि पुदिन्याच्या जातीचं तेल त्यात होतं. 'नारी'त तिची सुरक्षितता आणि स्वीकार, दोन्ही तपासले.

प्रो २००० : ०.५ टक्के जेल पुण्यातल्या ४२ बायकांनी दिवसातून दोनदा, १४ दिवस वापरलं.

टेनोफोव्हिर : पुणे, न्यूयॉर्क आणि अमेरिकेतलं बर्मिंगहॅम इथे मिळून २०० बायकांवर सहा महिने चाचणी झाली. काहींनी जेल रोज लावलं, काहींनी फक्त संबंधाआधी. रक्त, लिव्हर, किडनी यांना अपाय झाल्याचं आढळलं नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा निकाल मांडला गेला.

'बायका वापरतील का?' हा प्रश्न वेगळा

जेल सुरक्षित निघालं म्हणजे काम झालं असं नाही. ते खोक्यातच पडून राहिलं तर उपयोग शून्य. म्हणून चाचणीत रोजच्या जगण्यातले प्रश्न विचारतात. लावायला अवघड जातं का? ओल जास्त होते का, कपड्याला डाग पडतात का? संबंधात नवऱ्याला फरक जाणवतो का? त्याला न सांगता वापरता येईल का? एका खोलीच्या घरात, सासू-लेकरांच्या नजरेआड ठेवायचं कुठे? पाळीच्या दिवसांत काय करायचं?

हे प्रश्न किती मोलाचे, ते पुढे आफ्रिकेत दिसलं. 'व्हॉइस' नावाच्या चाचणीत ५,०२९ बायका होत्या. जेल नेमाने लावतो असं जवळपास नव्वद टक्क्यांनी सांगितलं. रक्त तपासलं तर जेल मिळालेल्या गटातल्या साधारण एक चतुर्थांश नमुन्यांतच औषध सापडलं. लोक आपल्यालाच एचआयव्ही आहे असं समजतील, ही भीती त्यामागच्या कारणांत होती.

शेवटी निकाल काय?

मोठ्या चाचण्यांत बफरजेल आणि प्रो २००० यांचा फायदा सिद्ध झाला नाही. सेल्युलोज सल्फेट जेलची चाचणी आफ्रिकेतल्या देशांसोबत भारतात चेन्नई आणि बागलकोटलाही सुरू होती. जेल घेणाऱ्यांत लागण जास्त दिसू लागल्याने ती जानेवारी २००७ मध्ये मधेच थांबवली.

टेनोफोव्हिर जेलने दक्षिण आफ्रिकेत २०१० साली आशा दाखवली. ८८९ बायकांच्या चाचणीत लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. पण 'व्हॉइस' आणि २०१५ च्या 'फॅक्ट्स' चाचणीत तो फायदा दिसला नाही. पुढे महिनाभर आत राहणारी डॅपिव्हिरिन औषधाची रिंग आली. रोज आठवण ठेवायची गरज नाही, हा तिचा गुण. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये जास्त जोखमीच्या बायकांसाठी जोडीचा पर्याय म्हणून तिची शिफारस केली. संरक्षण मात्र अर्धवटच मिळतं. आपल्याकडच्या सरकारी एड्स कार्यक्रमात ती मिळत नाही.

चाचणीत भाग घ्यायचा तर

२००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस एका प्रकल्पात दिली गेली. अनेक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या असल्याचं पुढे चौकशीत निघालं. तो विषय जेलचा नव्हता, पण संमती म्हणजे नुसता कागद नव्हे, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेत द्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात ती मराठी, तेलुगू किंवा गोंडीही असू शकते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, आणि तसं केल्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत आहे का, हेही विचारून घ्यावं.

आज काय करावं?

• मेडिकलमध्ये मिळणारं कोणतंही योनीमार्गी जेल, क्रीम किंवा वॉश एचआयव्हीपासून वाचवत नाही.
• पुण्यात निंबाच्या गोळीची चाचणी झाली म्हणून घरी निंबाचा पाला, रिठ्याचं पाणी, डेटॉल किंवा साबण आत वापरू नये. चाचणीतली गोळी शुद्ध केलेल्या, मोजलेल्या घटकांची होती. घरच्या उपायाने आतला आंबटपणा जातो, त्वचा सोलते आणि धोका उलट वाढतो.
• अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, फोड, जखम, ओटीपोटात दुखणं असेल तर दोघांनीही उपचार घ्यावेत. एकट्या बाईने गोळ्या खाल्ल्या तर रोग पुन्हा येतो.
• निरोध आजही सर्वात भरवशाचा. एचआयव्ही टाळणाऱ्या रोजच्या गोळ्याही आहेत; त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, तपासणी करूनच घ्यायच्या.
• बलात्कार झाला किंवा वापरलेली सुई टोचली तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. २८ दिवसांचं औषध सुरू करता येतं. जितक्या लवकर तितकं बरं.
• सरकारी दवाखान्यांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते. नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.