भाग १४ : दीड तुकड्याचं गाव

आज आयर्लंडला जाऊ. केरी आणि कॉर्क या काउंटींच्या सीमेवर श्लीव लूअख्रा नावाचा डोंगराळ भाग आहे. नावाचा अर्थ लव्हाळ्यांचा डोंगर. ओल्या जमिनीत लव्हाळं माजतं, म्हणजे जमीन कशी आहे ते नावातच आलं.

इथल्या दोन गोल डोंगरांना अनू देवीचे स्तन म्हणतात. दोन्ही माथ्यांवर कुणीतरी प्राचीन काळी दगड रचून ठेवलेत, त्यामुळे लांबून दुसरं काही सुचतच नाही! सुमारे ९०० सालच्या कॉर्मकच्या शब्दकोशात ही अनू देवांची आई म्हणून येते. डोंगरांच्या पायथ्याशी दगडी कोट आणि विहीर आहे. १ मे रोजी लोक तिथे गुरं घेऊन जात. विहिरीचं पाणी पाजलं की गुरांना रोग होत नाही, ही श्रद्धा.

जवळच नीवग्विला नावाचं गाव आहे. मी ‘ग्विला’चा संबंध ‘गिला’ म्हणजे सेवक या आयरिश शब्दाशी जोडला आणि खूश झालो. साफ चूक! मूळ नाव ‘ग्नीव गो लेह’, म्हणजे दीड ग्नीव. ग्नीव हे जमिनीचं माप, एका नांगराच्या जमिनीचा बारावा हिस्सा. १८२४ साली ब्रिटिशांनी आयर्लंडची मोजणी सुरू केली. जॉन ओ’डोनोव्हनसारखे जाणकार गावोगाव फिरून मूळ उच्चार आणि अर्थ टिपत होते, पण नकाशावर छापली गेली ती इंग्रजी कानाला ऐकू आलेली रूपं. त्यांना नावं ठेवायला मी कोण? माझं कामच पत्त्यांच्या डेटाचं. वेगवेगळी स्पेलिंग एकसारखी करणारी स्क्रिप्ट मीच लिहिलीये, आणि कुठल्याही नावाचा अर्थ मी कधी विचारला नाही.

याच गावाजवळ नॉकनागीहा आहे, वाऱ्याची टेकडी. तिथे पीटची दलदल होती : कुजलेल्या वनस्पतींचा पाण्याने भरलेला काळा थर. लोक तो कापून, वाळवून चुलीत जाळत. कापून कापून कडा उभी झाली होती, त्यात पाऊस. २८ डिसेंबर १८९६ च्या रात्री दलदलच उताराला लागली. वाटेत डॉनेली कुटुंबाचं घर होतं. आई, वडील आणि सहा मुलं गेली. काळा गाळ नदीतून किलार्नीच्या तळ्यापर्यंत पोहोचला. पुढे रॉयल डब्लिन सोसायटीच्या समितीने येऊन कारणं तपासली.

डॉनेलींची एक मुलगी वाचली. त्या रात्री ती घरी नव्हती.