लाकडी विमान आणि आपला पावसाळा

पावसाळा लागला की कडोलीकडच्या घरांची दारे फुगतात आणि चौकटीत अडकून बसतात. लाकूड पाणी पिते, ऊन पडले की आकसते. १९४४ साली लाकडाच्या या स्वभावावर काही वैमानिकांच्या मृत्यूचे खापर फोडण्यात आले. ते कितपत न्याय्य होते, ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीने 'मॉस्किटो' हे विमान लाकडाचे केले. धातूची टंचाई पडणार, सुतार मात्र हाताशी आहेत, असा तो हिशेब होता. पुष्कळ अधिकाऱ्यांनी नाके मुरडली. सर विल्फ्रिड फ्रीमन पाठीशी उभे राहिले म्हणून १ मार्च १९४० रोजी पन्नास विमानांची मागणी नोंदली गेली. डंकर्कच्या माघारीनंतर तीही धोक्यात आली. तथापि २५ नोव्हेंबरला पहिले विमान उडाले आणि त्याचा वेग पाहून टीकाकार गप्प झाले. पुढे त्याचा लढाऊ प्रकारही निघाला. बर्चच्या पातळ फळ्यांमध्ये बाल्साचे हलके लाकूड घालून त्याचे धड करीत. खुर्च्या-कपाटांचे कारखाने त्याचे भाग बनवू लागले. सारी भिस्त सरसावर होती. प्रथम तो दुधातील केसीनचा असे, पुढे रासायनिक आला.

सांबऱ्याचा आपला विमानतळ त्याच युद्धातला, १९४२ चा. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी मॉस्किटो आली आणि १९४४ मध्ये बंगळूरजवळ येलहंका येथे वैमानिकांना तिचे शिक्षण मिळू लागले. मग अपघात सुरू झाले. पंखांची वरची फळी आतल्या तुळईपासून सुटते, असा संशय आला.

चौकशीस आले मेजर हेरवर्ड डी हॅविलंड, कंपनीच्या संस्थापकाचे सख्खे बंधू! डिसेंबरमध्ये त्यांनी निर्वाळा दिला, की सरस निर्दोष आहे. पावसाळी हवेत लाकूड आकसल्याने हे घडले. नाचता येईना, अंगण वाकडे! पुढच्या चौकशीत दोष कारखान्यातील कामाचा ठरला. विमान-उत्पादन खात्याने इंग्लंडात डेफर्ड येथे तपास केला, तेव्हा मॉस्किटोच्या सहा प्रकारांत तसेच दोष सापडले. त्या विमानांना मोसमी पाऊस लागला नव्हता की वाळवी. ती हॅटफिल्ड आणि लीव्ह्जडेनच्या कारखान्यांत बनली होती आणि तेथील सरसकाम कच्चे होते. कडोलीच्या सुतारानेही आभाळाकडे पाहण्याआधी सांधाच तपासला असता.

तरीही हवाई खात्याने हवामानाचेच कारण पुढे ठेवले. वैमानिकांचा विमानावरील विश्वास उडू नये, ही त्यांची चिंता होती. ती समजण्यासारखी आहे. परंतु त्याच विमानात बसणाऱ्याला खरे कळण्याचा हक्क नव्हता काय?

पाऊस अगदीच निरपराध होता असे नाही. सांध्यांतून पाणी पंखात झिरपे. म्हणून पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत, फळीच्या सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसविण्यात आली, आणि १९४५ मध्ये मॉस्किटो पुन्हा ब्रह्मदेशावर उडू लागली.